नवजात बाळासाठी कापडी लंगोट: कोणते घ्यावेत, किती घ्यावेत, धुवायचे कसे?

धांदल
मंडळी, महिन्याभरात घरात बाळ येतंय. पहिलंच. धुण्याचं खातं माझ्याकडे आलंय ("पाजायचं मी बघते, धुवायचं तू बघ" असं स्वच्छ शब्दांत सांगण्यात आलंय), म्हणून धागाही मीच काढतोय. कापडी वापरायचं हे दोघांचंही नक्की आहे. पण शोधायला बसलं की डोकं गरगरतं. पॉकेट, ऑल-इन-वन, कव्हर, इन्सर्ट, बूस्टर... शिवाय "जन्मापासून तीन वर्षांपर्यंत एकच" असं लिहिलेले. खरंच एकच पुरतो का? की साधे त्रिकोणी लंगोट बरे? किती लागतात? पुरळ येते का? रात्रीचं काय करता?

"कशाला कटकट, डिस्पोजेबल आणा" हा सल्ला प्रत्यक्षात भरपूर मिळालाय. तो सोडून काहीही चालेल.

शंकासुर
मग मी गप्प बसतो. :)

गोधडी
अभिनंदन! दोन्ही मुलं कापडीवर वाढवली, त्यामुळे माझं मत ठाम आहे. पहिले दीड-दोन महिने साधे लंगोटच वापरा. बाकीचं सगळं नंतर.

ते "वन साइज" प्रकरण तीन किलोच्या बाळाला सगळी टिचबटणं लावून आखडलं तरी मांडीशी फट राहतेच, आणि तान्ह्या बाळाची पातळ शी नेमकी त्याच फटीतून बाहेर येते. पाठीपर्यंत. बाळ पाच किलोच्या आसपास गेलं, मांड्या जरा भरल्या की तेच डायपर छान बसायला लागतात. दुसरं म्हणजे नाळ. ती सुकून पडायला साधारण एक ते तीन आठवडे जातात. तोवर तिथे हवा लागायला हवी, शूचा ओलावा नको. तयार डायपरची पुढची बाजू बरोब्बर बेंबीवर येते. साधा लंगोट बेंबीच्या खाली दुमडता येतो, झालं काम.

घडी अशी घाला. सुती चौकोन, बाजू साठेक सेंटीमीटर. तिरका दुमडून त्रिकोण करायचा. लांब बाजू बाळाच्या कमरेखाली, खालचं टोक पायांमधून वर घ्यायचं, बाजूची दोन टोकं त्यावर आणून गाठ किंवा बंद. गाठ जरा एका अंगाला, मधोमध नको. बांधून झाल्यावर आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. बाळाचं पोट पाजल्यावर फुगतं हे लक्षात ठेवा. रिकाम्या पोटी बेताने बांधलेला लंगोट तासाभराने करकचतो आणि कमरेला लाल वळ उमटतो. मुलगा असेल तर पुढच्या बाजूला जास्तीची एक घडी, मुलगी असेल तर मधोमध.

नवजात बाळ तासा-दोन तासांनी शू करतं, कधी त्याआधीच. साध्या लंगोटात दर शूला बदलणं आलंच. रोज धुणार असाल तर तीस-चाळीस लंगोट हाताशी असू द्या. आकडा ऐकून घाबरू नका, एकेका कापडाचा आकार रुमालापेक्षा थोडा मोठा, धुवायला आणि वाळायला काही नाही.

कापूसकोंडा
दर शूला बदलायचं? रात्री तीन वाजता? पुन्हा चार वाजता?

गोधडी
दिवसा लंगोट, रात्री आत जाड घडी आणि वर कव्हर. किंवा रात्रीपुरता डिस्पोजेबल घाला, कोणी फाशी देत नाही. हे काही व्रत नाही मोडायला.

रात्रपाळी
मी नवजात विभागात परिचारिका आहे. कोणता घ्यावा यावर बोलणाऱ्या बऱ्याच जणी येतील, मी लंगोट उघडल्यावर त्यात काय बघायचं ते लिहिते. कारण कापडाचा हा फायदा कोणी सांगत नाही. डिस्पोजेबलमधली ती जेलची पूड (सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट) शू ओढून घेते, मग बाळाने किती केली ते नव्या आईबाबांना कळत नाही. कापड लगेच सांगतं.

पहिले दोन-तीन दिवस शू कमीच होते. दूध वाढेल तशी वाढत जाते. पाचव्या दिवसापासून पुढे चोवीस तासांत किमान सहा वेळा चांगला ओला लंगोट व्हायला हवा. "चांगला ओला" म्हणजे काय ते समजायला सुका लंगोट घेऊन त्यावर तीन मोठे चमचे पाणी ओता आणि हातात धरून बघा.

सुरुवातीची शी काळी-हिरवट आणि डांबरासारखी चिकट असते. कापडाला धरून बसते. त्या दोन-तीन दिवसांसाठी जुनेच तुकडे ठेवा, टाकून दिले तरी वाईट वाटणार नाही असे. मग रंग हिरवट होत होत पिवळा होतो. अंगावरच्या दुधाची शी मोहरीसारखी पिवळी, दाणेदार, पातळ असते.

पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटावर विटकरी डाग दिसू शकतो. ते रक्त नसून युरेटचे (शूमधल्या एका क्षाराचे) कण असतात. पण पाचव्या दिवसानंतरही दिसत राहिला तर दूध पुरत नसेल, तपासून घ्या. मुलींमध्ये पहिल्या आठवड्यात थोडा रक्तमिश्रित स्राव दिसू शकतो. आईच्या शरीरातून मिळालेली संप्रेरकं उतरत असतात त्याचा परिणाम, आपोआप थांबतो.

आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसले ते. शी पांढरट, राखाडी किंवा मातकट फिकी दिसली, किंवा शूचा गडद पिवळा डाग कापडावर पडायला लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. नवजात बाळाची शू जवळजवळ बिनरंगी असते. कावीळ लांबलेली आणि शी फिकी, ही जोडी यकृताच्या किंवा पित्तनलिकेच्या आजाराची असू शकते आणि त्यात दिवस महत्त्वाचे असतात. "उन्हात धरू, जाईल" म्हणून थांबू नका. संशय असेल तर तो लंगोट पिशवीत घालून सोबतच न्या. आम्हाला किळस वगैरे येत नाही.

दोनवेण्या
रात्रपाळीताई, हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला हवा.

जुनीखोडं
आमच्या काळी सगळेच कापडी होते, त्यामुळे यात धागा काढण्यासारखं काय आहे असं आधी वाटलं. पण एक सांगतो. ओळखीपाळखीत कोणाच्या तरी ट्रंकेत जुने लंगोट, दुपटी जपून ठेवलेली असतात आणि हौसेने दिली जातात. घ्या, जुनं कापड मऊच असतं. फक्त डांबराच्या गोळ्यांचा वास येत असेल तर तसेच बाळाला गुंडाळू नका.

रात्रपाळी
काका, बरं झालं काढलंत. त्या गोळ्यांत नॅफ्थलीन असतं. काही बाळांच्या रक्तात जी६पीडी नावाचं विकर जन्मतः कमी असतं. अशा बाळाला नॅफ्थलीनच्या वाफेने किंवा त्वचेवाटे तांबड्या पेशी फुटून जोराची कावीळ होऊ शकते. कोणत्या बाळात ते कमी आहे हे चाचणीशिवाय कळत नाही. माझं मत विचाराल तर अशा गोळ्यांत राहिलेले कपडे तान्ह्या बाळाला वापरूच नयेत, लादी पुसायला घ्या. आणि बाळाच्या कपाटात त्या गोळ्या नकोतच.

जुनीखोडं
हे ठाऊक नव्हतं. वास उग्र म्हणून म्हणत होतो.

धांदल
बापरे. आमच्याकडे अशी एक पेटी येऊ घातलीय. आजच फोन करतो.

टिचबटण
गोधडीशी नव्वद टक्के सहमत. दहा टक्के असहमती अशी की नुसता लंगोट म्हटलं की दर शूला दुपटं, चादर, मांडीवर घेणाऱ्याचे कपडे, सगळंच धुण्यात. म्हणून लंगोटावर चढवायला नवजात मापाची चार-सहा कव्हर जरूर घ्या. कव्हरला पीयूएलचं (पॉलियुरेथेनचा थर दिलेल्या कापडाचं) पातळ अस्तर असतं, पाणी आरपार जात नाही. शी लागली नसेल तर कव्हर पुसून, वाऱ्यावर टाकून पुन्हा वापरता येतं, बदलायचा फक्त आतला लंगोट.

पण कव्हर घातलं की "ओलं झालं तर कळेलच" हे जातं. तेव्हा दिवसा दोन-अडीच तासांच्या वर ठेवायचं नाही, आणि शी झाली की लगेच.

इन्सर्टबद्दल, म्हणजे डायपरच्या आत घालायच्या शोषक पट्टीबद्दल थोडं. मायक्रोफायबर चटकन शोषतो पण दाबला की ओकतो. बाळ मांडीवर बसलं की बाहेर. तो थेट त्वचेला कधीही लावू नका, त्वचेचा ओलावाही ओढतो. सुती आणि बांबूचे धीमे पण भरवशाचे. हेम्पचा (भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचा) सगळ्यात जास्त धरतो आणि सगळ्यात उशिरा वाळतो, तो रात्रीसाठी. नवं सुती किंवा हेम्प कापड पहिल्या दिवशी शोषतच नाही. धाग्यावर नैसर्गिक तेलकटपणा असतो. घरी आणल्यावर एक थेंब पाणी टाकून बघा, थेंब तसाच वर गोल बसून राहील. चार-पाच धुण्यांनंतर तोच थेंब क्षणात आत जातो. बाळ यायच्या आधी एवढं उरकून ठेवा, नाहीतर सगळे "गळतो, गळतो" म्हणून डायपरलाच नावं ठेवतात.

अवांतर: टिचबटणांचं जलरोधक कव्हर ही कल्पना मॅरियन डोनोव्हन या अमेरिकन बाईंची. रोज रात्री चादरी धुवून कंटाळल्या आणि न्हाणीघराचा पडदा कापून कव्हर शिवलं. पिनांच्या जागी टिचबटणं लावली. १९५१ साली पेटंट मिळालं. माझा आयडी त्यांना अर्पण.

कापूसकोंडा
गप्प बसवत नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे कापडी सुरू केले आणि महिन्यातच गुंडाळले. धुणारी, वाळवणारी, घड्या घालणारी, रात्री उठणारी व्यक्ती एकच होती, मी. टाके ओले, झोप नाही, आणि वर "आमच्या वेळी मशीनसुद्धा नव्हतं". या धाग्याची सुरुवात एका बाबाने केलीय हे बघून बरं वाटलं. बाकी कापड कोणतं हा प्रश्न नंतरचा, हात कोणाचे हा आधीचा.

आणि कापडीने पुरळ येत नाही हे लोक छातीठोकपणे सांगतात ते थांबवा. २००६ च्या कॉक्रेन आढाव्यात (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या) डिस्पोजेबलने पुरळ कमी होते का हे तपासलं होतं. होते असंही नाही, होत नाही असंही नाही, इतकाच निष्कर्ष. चांगले अभ्यासच पुरेसे नव्हते.

दोनवेण्या
पहिल्या परिच्छेदाला शंभर वेळा अनुमोदन.

रात्रपाळी
पुरळीचं बरोबर आहे. पुरळ कापडाने किंवा प्लॅस्टिकने येत नाही, ओल्यात राहिल्याने येते. शू आणि शी एकत्र आली की त्वचेवरची आम्लता कमी होते, आणि मग शीमधली पाचक विकरं त्वचाच खायला लागतात. म्हणून शीचा लंगोट पाच मिनिटंही नको. साध्या पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, घासू नका. थोडा वेळ उघडंच लोळू द्या. पावडर नको, ती श्वासात जाते.

जांघेच्या वळ्यांत लालभडक चट्टा आणि त्याच्या कडेला सुटे लाल ठिपके असतील तर ती बहुधा बुरशी असते, साध्या क्रीमने हटत नाही. दाखवून घ्या.

टिचबटण
जोडून: झिंकची क्रीमं आणि पेट्रोलियम जेली कापडावर थर धरतात आणि शोषण मारतात. लावायचीच असेल तेव्हा मध्ये जुन्या सुती कापडाची पट्टी घाला. ती वेगळी धुवायची.

जुनीखोडं
जाड लंगोटाने पाय फेंगडे होतात असं आमची मंडळी म्हणायची. त्यात तथ्य किती?

रात्रपाळी
काही नाही. सगळीच बाळं पाय थोडे बाकदार घेऊन येतात, पोटात तसंच बसावं लागतं ना. चालायला लागल्यावर, दोनेक वर्षांपर्यंत सरळ होतात. उलट पाय सरळ ओढून, जवळ आणून घट्ट गुंडाळणं खुब्यांना घातक. बेडकासारखे वर दुमडलेले, बाजूला पसरलेले पाय हीच त्यांची निरोगी ठेवण, आणि लंगोटाची जाडी त्याच्या आड येत नाही.

निळीशाई
धुण्यावर कोणी नीट लिहीत नाही म्हणून मी लिहितो. धांदल, तुमचं खातं आहे, नीट वाचा.

काढल्याबरोबर शीचा लंगोट गार पाण्याखाली धरायचा. गारच. गरम पाण्याने प्रथिनं कापडात शिजतात आणि डाग कायमचा होतो. अंगावरच्या दुधाची शी पाण्यात विरघळते, फार घासावं लागत नाही. वरचं अन्न सुरू झाल्यावर शी आधी संडासात टाकायची. शूचे लंगोट जाळीच्या टोपलीत कोरडेच साठवा. बंद डब्यात कोंडले की अमोनियाचा असा भपका येतो की डोळ्यांतून पाणी.

मग मशीन. पहिला छोटा फेरा गार पाण्यात, थोडी पावडर घालून. हा फेरा शू काढतो. तो टाळला तर मुख्य धुणं त्याच घाण पाण्यात होतं. नंतर मुख्य फेरा, शी असेल तर ६० अंश सेल्सियसला, पावडर नेहमीच्या कपड्यांना घालता तेवढी पुरती. "बाळाचे आहेत, चिमूटभरच घालू" हा प्रकार करू नका. कमी पावडरीने घाण राहते, तिचाच वास येतो, तिचीच पुरळ येते. शेवटी भरपूर पाण्यात खळबळून काढायचं. ड्रम दोन-तृतीयांश भरा. खच्चून भरला तर कपडे एकमेकांवर घासत नाहीत, अगदी रिकामा असला तरी तेच.

फॅब्रिक सॉफ्टनर वर्ज्य. तो धाग्यावर मेणचट थर देतो, त्यामुळे टॉवेलसुद्धा पाणी टिपेनासे होतात. अँटिसेप्टिक द्रव रोज ओतायची गरज नाही, उरलेला अंश नाजूक त्वचेला झोंबतो. पाणी जड असेल तर क्षार साठून लंगोट पुठ्ठ्यासारखे कडक होतात. तेव्हा पाणी मृदू करणारी पावडर मुख्य फेऱ्यात घाला.

वाळवणं उन्हात. ओल्या कापडावर ऊन पडलं की पिवळे डाग फिकटतात, हा अनुभव फुकट आहे, घ्या. कव्हर मात्र सावलीत, आणि गरम असताना इलॅस्टिक ताणायचं नाही.

दोनवेण्या
घरात दुसरं रांगतं-चालतं मूल असेल तर एक भर. लंगोट पाण्याच्या बादलीत भिजत घालून न्हाणीघराचं दार उघडं ठेवू नका. लहान मूल चार बोटं पाण्यातही बुडू शकतं, डोकं खाली गेलं की त्याला उलटता येत नाही. निळीशाईंची कोरडी टोपली म्हणूनच बरी.

शंकासुर
गप्प बसतो म्हणालो होतो, पण पर्यावरणाचा मुद्दा अजून कोणीच काढला नाही हे आश्चर्य. ब्रिटनच्या एन्व्हायर्न्मेंट एजन्सीने २००८ साली हिशोब मांडला होता. एका मुलाच्या अडीच वर्षांच्या डायपरांसाठी डिस्पोजेबल सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइड, कापडी सुमारे ५७०. म्हणजे बरोबरीच! सगळा फरक धुण्याच्या पद्धतीत होता. यंत्रात वाळवले, फार गरम पाण्यात धुतले की कापडी हरतात. दोरीवर वाळवले, मशीन भरून लावली, तेच दुसऱ्या मुलाला वापरले की चांगले जिंकतात. २०२३ मध्ये तिथल्या सरकारने नवा अभ्यास काढला, त्यात कापडी साधारण २५ टक्क्यांनी सरस. तेव्हा "कापडी म्हणजे आपोआप हिरवं" असं नाही.

गोधडी
आणि कचऱ्याच्या डोंगराचं काय? तो किलोत मोजला नाही तर दिसत नाही होय?

शंकासुर
तो मुद्दा मान्य. मी फक्त कार्बनबद्दल बोललो. तुमच्या दोन मुलांत तेच लंगोट वापरले असतील तर तुम्ही त्या हिशोबात केव्हाच पुढे आहात.

धांदल
वाचून काढलं, बायकोला मोठ्याने वाचूनही दाखवलं. कापूसकोंडाताईंचा प्रतिसाद तिने दोनदा वाचायला लावला. :)

ठरलं असं: तीस-पस्तीस मलमलीचे चौकोन, नवजात मापाची पाच कव्हर. वन साइज डायपर बाळ पाच किलोचं होईपर्यंत आणायचेच नाहीत. रात्रीचं बाळ आल्यावर बघू. दोन शंका उरल्या. आमच्या मशीनला तापमान निवडायची सोय नाही, फक्त गार. आणि ऊन नसेल, हवा दमट असेल तेव्हा काय?

निळीशाई
गार मशीन असेल तर गार पाण्यात शी काढून झाल्यावर लंगोट कढत पाणी आणि पावडर घातलेल्या बादलीत अर्धा तास ठेवा, काठीने ढवळा, मग मशीनला लावा. कव्हर त्या बादलीत टाकायची नाहीत, अस्तर सुटतं. आणि त्या अर्ध्या तासात न्हाणीघराचं दार लावलेलं, दोनवेण्या म्हणतात तसं.

गोधडी
दमट हवेत एकावर एक घालू नका, दोन लंगोटांत हातभर अंतर सोडून पंख्याखाली. उरलेली ओल इस्त्रीने काढा. साधा चौकोन एकपदरी असतो म्हणून रात्रीत वाळतो. शिवलेले जाड इन्सर्ट दोन-दोन दिवस कुबट राहतात, दमट दिवसांत ते बाहेरच काढू नका.

कापूसकोंडा
इस्त्री कोण करणार तेही आत्ताच लिहून घ्या.

धांदल
मीच. घड्या मात्र वाटून.